चिकाचं धुतलेलं भांडं

"भांडा कुनी धुतला? ए सातारकर! खाली ये! भांडा कुनी धुतला, बोल!"

गोमा, सकाळचे साडेसात वाजले होते आणि तू आमच्या सोसायटीच्या आवारात सायकल आडवी टाकून बोंबलत होतास. तुझा आवाज असा, की तिकडे मोऱ्याच्या धक्क्यावर सुटायला निघालेली लाँच जागच्या जागी थांबली, खाडीतले बगळे उडाले ते दोन दिवस खाली उतरले नाहीत, आणि आमच्या तळमजल्यावरच्या आजीबाईंचं सहा वर्षं बंद पडलेलं कानाचं यंत्र आपोआप सुरू झालं. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्या हातात तो पितळी टोप. टोप तू उलटा धरला होतास. त्याचं चुलीवर काळं झालेलं बूड वर करून, आरतीचं तबक फिरवावं तसं चारी बाजूंच्या गॅलऱ्यांना दाखवत होतास.

"आतून आरसा केलाय! बगा, आतून आरसा!"

मी तिसऱ्या मजल्यावर लुंगीत, तोंडात दात घासायचा ब्रश. खाली बघतो तर अख्खी कॉलनी गॅलरीत. कोपरखैरण्यात राहायला येऊन आम्हाला जेमतेम पाच महिने झालेले. मी सरकारी कचेरीतला कारकून, जरा वजन टिकवून राहणारा माणूस. आणि घणसोली गावातला एक दूधवाला माझी वरात काढतोय.

भानगड काय, ती मला तेव्हा कळली. तुझी चांदी गाय दोन दिवसांपूर्वी व्यायली होती आणि रिवाजाप्रमाणे तू आदल्या दिवशी घरोघर चीक वाटला होतास. पिवळाधमक, बोटाला चिकटणारा पहिल्या धारेचा चीक. तो विकायचा नाही, वाटायचा, हा तुमच्या गावचा नियम. आणि दुसरा नियम, चिकाचं भांडं धुवून परत करायचं नाही. तसंच ओशट द्यायचं, आत मूठभर तांदूळ टाकून. धुतलं तर गाय आटते.

आमचं भांडं धुतलेलं होतं. आत तांदूळ होते, पण धुतलेलं होतं.

मी ब्रश काढला आणि ओरडलो, "बोंबलतोस काय लगा? बायकोनं धुतलं! तिला काय ठाऊक तुमच्या गावच्या रीती!"

माझ्या पाठीमागे कुसुम चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. कपातला चहा हलला नाही.

 टोप डोळ्यांजवळ नेलास, बुडाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "वयनीनी?" म्हणालास. "वयनीनी धुतला?" आणि कचकन थुंकून सायकल उचललीस.

तेव्हापासून सात वर्षं तू माझा पिच्छा पुरवलास आणि गेल्या महिन्यात मेलास. लोक मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहितात. मी लिहिणार नाही. तू हट्टी होतास, उर्मट होतास, दुधात पाणी घालत नव्हतास पण बोलण्यात गोमूत्र घालायचास, आणि वर चोर होतास. चोर कसा, ते पुढे सांगतो. पळू नकोस. आता पळता येणार नाही तुला.

तिसऱ्या दिवशी चांदीची कास सुजली. दगड झाली नुसती. हात लावला की गाय लाथ झाडायची, आणि धारेतून दुधाऐवजी गाठी यायच्या. तिची पाडी चार दिवसांची, सारखी लुचायला जायची आणि लाथ खाऊन मागे पडायची. मी बघायला आलो. का आलो हे विचारू नकोस. गावाकडे आमची गुरं होती, एवढंच समज. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले, तेव्हा दावं मी धरलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "कासदाह आहे. गोठ्यात ओल किती आहे बघ. त्यातून झालं. भांड्याचा काही संबंध नाही."

"डाक्टर, तुमी गायीचा बगा. भांड्याचा मी बगतो," तू म्हणालास.

पण तोवर बातमी फिरली होती. गावातल्या बायका आमच्या कॉलनीत धुणंभांडी करायला यायच्या, त्यामुळे तुझ्या गोठ्यातून निघालेली बातमी आमच्या जिन्यात पोचायला दुधापेक्षा कमी वेळ लागायचा. सातारकरणीनं भांडं धुतलं आणि गाय आटली. दुसऱ्या मजल्यावर एक ओली बाळंतीण होती. कुसुम तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन गेली, तर तिच्या सासूनं दारातच डबा घेतला. "आत झोपलीय हो," म्हणाली. आत बाळ रडत होतं आणि बाळंतीण त्याच्याशी बोलत होती. कुसुम वर आली, पिठाचा डबा उघडला आणि काही न घेता परत लावला. तिला मूल नव्हतं, हे तुला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यात आता हात आटवणारा ठरला.

तो डाग तिच्या हातावर तू आणलास, गोमा. सकाळी साडेसातला, भोंग्यासारखा ओरडून. हे माझं तुझ्यावरचं पहिलं आरोपपत्र.

आता पाडीचं. बाकीच्या गायींचं दूध सगळं रतिबाला बांधलेलं. वाशीपासून इकडे प्रत्येक जिन्यात तुझी किटली. पाडीला द्यायचं काय? त्याच आठवड्यात तुझी मोरी व्यायली. मोरी म्हणजे गाय नव्हे, नगरपालिकेची पाण्याची टाकी. तिच्या चिकावर तिचं वासरू ढेकर देऊन लोळत पडायचं, तरी बादल्या उरायच्या. आणि तू निघालास तो उरलेला चीक गावभर वाटायला!

मी म्हटलं, "ठेव तो. पिंपात भर, आंबव. तीन आठवडे पाडी त्यावर निघेल."

"चीक ठेवायचा नसतो. वाटायचा असतो. मना नको शिकवू."

"अरे, आमच्या गावी आंबट चिकावर वाढलेल्या खोंडानं खंबाटकी घाटात बंद पडलेली एसटी ओढून वर आणली होती. पासष्ट माणसं, वर टपावरच्या कोंबड्या!"

"आनी कंडक्टरनी खोंडाचा तिकीट फाडला का?"

हसला कोण? गोठ्यातले सगळे. तुझी बायको जना शेण भरता भरता पाटी खाली ठेवून हसली. गोमा, मी लोकांना हसवतो, माझ्यावर कुणी हसलेलं मला चालत नाही. तेव्हापासून तुझा राग दुप्पट केला मी.

बरं, ठीक आहे. कल्पना डॉक्टरांची होती. जाता जाता तेच म्हणाले होते, की उरलेला चीक स्वच्छ पिंपात झाकून ठेवा, आंबू द्या, रोज ढवळा, आणि देताना कोमट पाण्यात सैल करून द्या. पण ऐकलं कुणी? तू तेव्हा गायीच्या पोटाखाली होतास. लक्षात ठेवलं मी. विरजण म्हणून थोडं ताक घाला, हेही मी सांगितलं. हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण मी जास्त जोरात सांगितलं.

शेवटी त्या पाडीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या, तेव्हा तू ऐकलंस. पण कसं ऐकलंस? म्हणालास, "गोठ्यात ठेवला तं बायका बोलतील, गोमानी चीक दडवला. तुजे घरी ठेव."

तुर्भ्याच्या मार्केटातून मी लोणच्याचं रिकामं पांढरं पिंप आणलं. सोड्यानं चार वेळा धुतलं तरी त्याला लिंबाच्या लोणच्याचा वास होता. ते तू डोक्यावर घेऊन तीन मजले चढलास, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून ओरडलास, "वयनी! तुमचे हाती देतो हा! तुमीच ढवलायचा!" म्हणजे बघ. अक्कल माझी, गॅलरी माझी, पिंप माझं, आणि पुकारा कुणाचा? वयनीचा!

कुसुम दारात उभी, हात पदरात गुंडाळलेले. "गोमाभाऊजी, मला नका सांगू. माझा हात लागला आणि काही झालं तर…"

"काय व्हनार? हात हाय का विस्तव? ढवला."

आणि तिच्या हातात रवी दिलीस. माझ्या घरात, माझ्या देखत. मी म्हटलं, मी ढवळतो. तू म्हणालास, "तू बोल. तुना तेच येतं."

पुढचे दिवस काय सांगू? चौथ्या दिवशी पिंपानं श्वास घ्यायला सुरुवात केली. झाकण वर यायचं, फुस्स करायचं, खाली बसायचं. वास असा, की आमच्या गॅलरीवरून उडणारा कावळा अर्ध्यात वळून पनवेलच्या दिशेनं जायचा. दह्याचा, ताकाचा, लोण्याचा आणि त्यावर लिंबाच्या लोणच्याचा. कुसुम सकाळ-संध्याकाळ रवी फिरवायची, वरचा तवंग बाजूला करून चमच्यानं चव घ्यायची, आणि वहीत लिहावं तसं तोंडानं म्हणायची, "आज जरा घट्ट. आज आंबट बसला." मी तिला इतके शब्द एका दमात बोलताना त्या महिन्यात प्रथमच ऐकत होतो. सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून तक्रार घेऊन आले. "सातारकर, हा काय प्रकार आहे? वरच्यांना टेन्शन आलंय." ते आत आले तेव्हा कुसुम काय करत होती, ते पुढे येईलच. एकच सांगतो, जाताना रुमाल विसरून गेले.

आणि मग तो पाडीचा दिवस. किटलीत सैल केलेला आंबट चीक घेऊन आम्ही गोठ्यात आलो. तू अर्धं गाव जमवलं होतंस. खरं सांग, का जमवलंस? बायका तोंडावर पदर धरून उभ्या. धुणं धुणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, आमच्या जिन्यातली बातमी वाहणाऱ्या, एकूण एक. मी पुढे झालो. वासरं पाजण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं गावाकडे. तू मला कोपरानं असा बाजूला सारलास, की मी शेणात.

"वयनी, तुमी बोटा द्या."

कुसुम पुढे आली. किटलीत बोटं बुडवली, पाडीच्या तोंडात दिली. पाडीनं नाक उडवलं, शिंकली, मान फिरवली. बायकांत कुजबुज झाली. कुसुमचं तोंड पांढरं पडलं. तिनं बोटं काढून घेतली नाहीत. परत बुडवली. परत दिली. तिसऱ्यांदा पाडीची जीभ बोटांभोवती वळली, आणि मग चुक चुक चुक असा आवाज सुरू झाला. हात हळूहळू खाली नेत नेत तिनं पाडीचं तोंड किटलीत नेलं, आणि मग बोटं काढली तरी पाडीला पत्ता नव्हता. शेपूट अशी हालत होती की माझ्या अंगावरचं शेण वाळलं.

तू बायकांकडे वळून म्हणालास, "बगितला? आय भेटली तिला." आणि त्याच दमात, "आता घरी जा, चुली पेटवा. कायला उभ्या रवल्या?"

पाडी जगली. नुसती जगली नाही, रेडा झाली. तू तिचं नाव ठेवलंस सातारी. मी कचेरीत पेढे वाटले, म्हटलं, आमच्या नावानं गाय आहे घणसोलीत. तुझ्या कानावर गेलं तर भर रस्त्यात सायकल थांबवून सांगितलंस, "तुज्या नावानी नाय. वयनीच्या."

चोर म्हणतो ते यासाठी. सात वर्षं तू ती गोष्ट सांगितलीस. लग्नात सांगितलीस, हळदीत सांगितलीस, रतिबाच्या प्रत्येक दारात सांगितलीस. "सातारकरीन वयनीचे हातानी पाडी जगली." पिंप कुणी आणलं, नाही. आंबवायचं कुणी सांगितलं, नाही. माझा उल्लेख कुठे, तर शेणात पडलो एवढाच. अरे, गोष्ट सांगायचा धंदा माझा! माझी गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत पळवलीस, आणि मला तीत कडेला उभं केलंस. पुढच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरची सासू स्वतः जिना चढून आली. सूनबाईला दूध कमी येतंय, तुमच्या हातचे लाडू द्या म्हणाली. आमच्याच दारात उभी राहून! कुसुमनं लाडू दिले. मी म्हटलं, दार लाव तिच्या तोंडावर. कुसुम म्हणाली, "तुम्ही गप्प बसा."

आणि खाण्याचं? तेही तुम्हीच पळवलंत. पाडीचं भागून पिंपात उरायचंच. एक दिवस तू बोट बुडवून चाटलंस, डोळे मिटलेस, आणि जनावहिनींनी तांदळाच्या पिठात तो आंबट चीक घालून घावन काढले. कडेला जाळी, मध्ये मऊ, आणि सोबत सुक्या जवळ्याची चटणी. मी किती खाल्ले? तू गावभर अकरा सांगत फिरलास. साफ खोटं. चौदा खाल्ले. कुसुमनं ते शिकून घेतले, आणि सेक्रेटरी तक्रार घेऊन आले तेव्हा ती तेच करत होती. पाच खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "पिठात काय घातलंय?" कुसुमनं गॅलरीतल्या पिंपाकडे बोट केलं. माणूस पांढरा झाला, उठला, गेला. दुसऱ्या दिवशी वाडगा घेऊन हजर.

जनावहिनी घावन पाठवायच्या तो टोप कुसुम परत कसा पाठवायची, आठवतंय? तिची ती खोडच. कुणाचंही भांडं असो, राखेनं बूड घासून लख्ख केल्याशिवाय परत द्यायची नाही. तुझ्या दुधासाठी दाराबाहेर ठेवायची त्या पातेल्याच्या बुडात तू मिशा बघायचास. जनावहिनी म्हणायच्या, "वयनी, इतका नका घासू. चुलीला वलखू येनार नाय."

चिकाचं भांडं मात्र पुढे प्रत्येक वेताला आमच्याकडून ओशटच गेलं. ते कुसुम कुणाला हातही लावू द्यायची नाही.

एवढं सगळं झालं, गाय बरी झाली, पाडीची गाय झाली, तरी तू मला सोडलंस का? नाही. रस्त्यात भेटलास, "काय सातारकर, भांडा कुनी धुतला?" दूध घालताना, "भांडा कुनी धुतला?" गणपतीत आमच्या घरी आलास, कुसुमच्या हातचा चहा बशीत ओतून फुर्रर केलास, तिला म्हणालास, "च्या फसकलास," आणि माझ्याकडे वळून, "बोल आता. भांडा कुनी धुतला?" तिच्यासमोर! मी दर वेळी नवीन उत्तर द्यायचो. राज्यपालांनी. खाडीतल्या मगरीनं. तुझ्या सासऱ्यानं. लोक हसायचे. तू हसायचा नाहीस. थांबायचास, माझ्या तोंडाकडे बघायचास आणि जायचास. मी म्हणायचो, किती खुनशी माणूस आहे. सात वर्षांपूर्वीचा एक टोप विसरत नाही.

मग तुला कावीळ झाली. तुझ्यासारख्या माणसाला कावीळ! आयुष्यभर पिवळा चीक वाटलास आणि स्वतःच चिकाच्या रंगाचा झालास. दुपारी बघायला आलो, तर खाटेवर उताणा पडलेला. तो लाँच थांबवणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मी तुला खंबाटकीच्या खोंडाचा पुढचा भाग सांगितला, तो खोंड आता आमदार झालाय म्हणून. तू ऐकलंस. मग हातानं जवळ बोलावलंस. मी कान नेला.

"भांडा कुनी धुतला, सातारकर?"

आणि मी म्हणालो, "तुझ्या बापानं."

तू हसलास. पहिल्यांदाच हसलास या प्रश्नावर. हसता हसता खोकला आला, जनावहिनी पाणी घेऊन आल्या. मी म्हटलं, "उद्या येतो, उद्या खरं सांगतो." असंच म्हटलं, गंमतीनं. दुसऱ्या दिवशी कचेरीत काम निघालं. तिसऱ्या दिवशी तू मेलास. एक दिवस कळ काढता आली नाही तुला. रतिबाला कधी दांडी मारली नाहीस, आणि इथे मारलीस.

मी रडलो नाही. कुसुम रडली. तुझ्या तेराव्यापर्यंत तिनं माझ्याशी भाजीत मीठ किती यापलीकडे बोलणं केलं नाही. तेराव्याच्या सकाळी डबा हातात देऊन म्हणाली, "जनावहिनींना हे लाडू द्या. आणि आता तरी सांगून या."

सात वर्षांत ती या विषयावर एवढंच बोलली.

तर ऐक. त्या दिवशी कुसुम तुर्भ्याला मावसबहिणीच्या हळदीला गेली होती. चीक तू माझ्या हातात दिलास. मी ठरवलं होतं ती आल्यावर तिच्याकडून खरवस करवून घ्यायचा. पण तुझा तो चीक, गोमा, त्याचा वास! मीच गूळ किसला, वेलची कुटली, कुकरची शिटी काढून लावला. एक वडी खाल्ली. मग तिची जोडी लावली. मग शेजारची बाजू वाकडी दिसत होती म्हणून सरळ केली. तीन वाजता ताट रिकामं. आता तिला काय सांगणार? तिला खरवस किती आवडतो हे मला ठाऊक होतं. म्हणून ताट धुतलं, कुकर धुतला, टोप आतून घासघासून धुतला, म्हणजे चीक आला होता याचा मागमूस राहायला नको. भांडं रिकामं परत करू नये एवढं ठाऊक होतं, म्हणून आत तांदूळ टाकले आणि पहाटे गुपचूप तिच्या पातेल्याशेजारी दाराबाहेर ठेवला. तिला म्हटलं होतं, गोमानं आपल्याला चीक दिलाच नाही, माणूस जरा आखडूच आहे.

म्हणजे तू खालून ओरडलास, तेव्हा कुसुमला चीक आला होता हेही पहिल्यांदाच कळत होतं, आणि भांडं तिनं धुतलं होतं हेही. दोन्ही एकदम, चहाचा कप हातात असताना. ती गॅलरीत पुढे होऊन खाली ओरडू शकली असती, की भांडं तिनं धुतलंच नाही. नवऱ्याची अख्ख्या कॉलनीत शोभा झाली असती. ती चहा ठेवून आत गेली.

आणि मी, जो खोंडाला एसटी ओढायला लावतो, त्याला सात वर्षांत तीन शब्द ओढून बाहेर काढता आले नाहीत.

हे सगळं मी तुझ्या अंगणात बसून जनावहिनींना सांगितलं. सातारी तिकडे रवंथ करत होती. तिचं हे दुसरं वेत, गोठ्यात कोपऱ्यात झाकलेलं पिंप होतं, तेच, लोणच्याचं. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी चौदा घावनांची गोष्ट जशी रंगवून सांगतो तशी ही रंगवता येईना. सरळ म्हटलं, "वहिनी, ते चिकाचं भांडं कुसुमनं नव्हतं धुतलं. मी धुतलं होतं."

त्यांनी सुपातून वर बघितलंसुद्धा नाही. एक खडा उचलला, बाजूला टाकला.

"त्यांना त्याच दिवशी म्हाईत झाला व्हता, भावजी," म्हणाल्या. "वयनी बूड घासल्याबिगर भांडा देत नाय."